पोस्टकार्डाएवढी जागा: हॅचबॅकला नवे टायर घेताना

"स्विफ्टचे टायर दाखवा," असं आपण काउंटरवर म्हणतो. "चौदाचे का पंधराचे?" दुकानदार विचारतो. आपण बाहेर जाऊन चाकाशी वाकतो, काहीतरी आकडे वाचून परत येतो. मग तीन कंपन्यांची नावं, तीन भाव आणि "हा आरामात पन्नास हजार जाईल साहेब" एवढ्या माहितीवर दहा मिनिटांत वीस-बावीस हजारांचा निर्णय होतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हापासून "आता टायर घेऊनच टाकावेत का?" हा प्रश्न सोसायटीत आणि ऑफिसात वरचेवर ऐकू येतो. कर धरून ५,००० रुपयांना मिळणारा टायर, पूर्ण सूट गिऱ्हाइकापर्यंत पोचली तर, साधारण ४,६०० ला पडायला हवा. चार टायरमागे दीड हजार वाचतात. पण चुकीचा किंवा शिळा टायर घेतला तर हे दीड हजार काही कामाचे नाहीत.

हे मी कळकळीने लिहितोय, कारण मागच्या पावसाळ्यात ताम्हिणीत बाबांची गाडी माझ्या हातात घसरली. वेग चाळीसच्या आत होता, वळण ओळखीचं होतं, ब्रेक हलकाच दाबला होता. गाडी वळायच्या ऐवजी दोन-तीन फूट सरळ गेली आणि मग थांबली. समोरून कुणी आलं नाही म्हणून निभावलं. आदल्याच महिन्यात गॅरेजमध्ये टायर दाखवले होते आणि उत्तर मिळालं होतं, "नक्षी भरपूर आहे, अजून दोन वर्षं बघायला नको." नक्षी खरोखरच भरपूर होती. चूक कुठे झाली ते पुढे येईलच.

गाडी नेमकी कशावर उभी असते?

एक लहान हॅचबॅक, चार माणसं आणि थोडं सामान मिळून साधारण १,२०० किलो धरा. म्हणजे प्रत्येक चाकावर ३०० किलो. टायरमध्ये ३० पीएसआय हवा असते, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे २.१ किलो दाब. भागाकार केला तर उत्तर येतं साधारण १४० चौरस सेंटीमीटर. पोस्टाचं एक पोस्टकार्ड जमिनीवर ठेवा, जवळपास तेवढीच जागा.

गाडी, इंजिन, एबीएस, एअरबॅग, आतली माणसं हे सगळं रस्त्याला टेकतं ते या चार पोस्टकार्डांवर. ब्रेक कितीही चांगले असोत, ते फक्त चाक थांबवतात. गाडीला थांबवते ती टायर आणि रस्ता यांच्यातली पकड. टायर निवडायचा म्हणजे ही चार पोस्टकार्डं कुठल्या रबराची, कुठल्या आकाराची आणि किती ताजी असावीत, ते ठरवायचं.

बाजूवरच्या आकड्यांचा अर्थ

स्विफ्टच्या खालच्या व्हेरियंटवर लिहिलेलं असतं: १६५/८० आर १४. त्यापुढे ८५ टी असं काहीतरी.

१६५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ८० ही टायरच्या भिंतीची उंची, पण मिलिमीटरमध्ये नाही, तर रुंदीच्या किती टक्के त्या हिशेबात. १६५ चे ८० टक्के म्हणजे १३२ मिमी. आर म्हणजे रेडियल, ही बांधणीची पद्धत आहे आणि आजच्या सगळ्या कारला तीच असते. १४ हा रिमचा व्यास इंचांत. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच अशी तीन मापं असल्यामुळे गोंधळ होतो, एरवी यात अवघड काही नाही.

आता वरच्या व्हेरियंटचा साइज बघा: १८५/६५ आर १५. टायर वेगळा, रिम वेगळी. पण दोन्हींचा बाहेरचा व्यास काढलात तर पहिला ६२० मिमीच्या जरा आत आणि दुसरा ६२१.५ मिमी येतो. फरक फक्त दोन मिमीचा. कंपनीने रिम मोठी केली, भिंत तेवढीच बुटकी केली आणि बाहेरचं चाक होतं तेवढंच ठेवलं. स्पीडोमीटर, गिअर आणि एबीएस सगळं या बाहेरच्या व्यासावर बेतलेलं असतं. साइज बदलायचाच असेल तर ही मर्यादा.

समजा याच गाडीला कुणी १७५/६५ आर १४ बसवला. रिम चौदाचीच आणि रुंदी जरा जास्तच, म्हणून वरवर ठीक वाटेल. पण त्याचा व्यास ५८३ मिमी आहे. गाडी १८ मिमी खाली बसेल आणि आपल्या गल्लीतल्या स्पीडब्रेकरवर दर वेळी पोटाला घासेल. स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा खरा वेग ९४ च्या आसपास असेल.

शेवटचे ८५ आणि टी. ८५ हा भाराचा क्रमांक आहे, तो किलो नव्हे. तक्त्यात ८२ म्हणजे एका टायरवर ४७५ किलो, ८५ म्हणजे ५१५, ८८ म्हणजे ५६०. टी म्हणजे ताशी १९०, एच म्हणजे २१०. इथे हमखास प्रश्न येतो, की मी जन्मात १९० ने जाणार नाही, मग हलकं अक्षर चालेल ना? चालणार नाही. ते अक्षर टायर किती उष्णता सोसू शकतो तेही सांगतं. भर उन्हात, भरल्या गाडीने, सोलापूर रस्त्यावर तीन तास सलग जाताना हीच सोशिकता कामी येते. दोन्ही क्रमांक मूळ टायरइतके किंवा वरचे असावेत, खालचे कधीच घेऊ नयेत.

गाडीचा खरा साइज आणि हवेचा दाब ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर छापलेला असतो. जुनी गाडी घेतली असेल तर हे स्टिकर आधी बघा. आधीच्या मालकाने साइज बदललेला असू शकतो.

टायरची जन्मतारीख

मला सगळ्यात जास्त जे सांगायचंय ते हेच.

टायरच्या बाजूला डीओटी या अक्षरांनी सुरू होणारी एक लांबलचक ओळ असते आणि तिच्या शेवटी लंबगोल चौकटीत चार आकडे. उदाहरणार्थ २४२३. पहिले दोन म्हणजे वर्षातला आठवडा, शेवटचे दोन म्हणजे वर्ष. हा टायर २०२३ च्या चोविसाव्या आठवड्यात, म्हणजे जूनमध्ये बनला. अनेकदा हे चार आकडे टायरच्या एकाच बाजूला असतात आणि बसवताना नेमकी ती बाजू आत जाते. मग गाडी लिफ्टवर चढवल्याशिवाय तारीख दिसत नाही. म्हणून टायर रिमवर चढण्याआधी चारही टायरची तारीख स्वतः वाचा.

तारखेला एवढं महत्त्व का? शाळेतलं खोडरबर आठवा. नवं असताना मऊ असतं, कागदाला धरतं, अक्षर निघतं. तेच दप्तराच्या तळाशी दोन वर्षं पडलं की कडक होतं, कागदावरून सरकतं आणि काळा डाग पाडतं. झिजलेलं नसतं, पूर्ण असतं, पण धरत नाही. टायरचं रबर ऊन, हवेतला ओझोन आणि वेळ यांनी तसंच कडक होत जातं. गाडी उभी असली तरी होतं.

बाबांच्या गाडीचं हेच झालं होतं. २०१६ ची गाडी, कोथरूडला पार्किंगमध्ये उभी, नऊ वर्षांत जेमतेम चोवीस हजार किलोमीटर. नक्षी पाच मिमीच्या वर, पण रबर नऊ वर्षांचं. नखाने दाबलं तर दबत नव्हतं. भिंतीवर बारीक चिरा होत्या, ड्रॉवरमध्ये विसरलेल्या रबरबँडला पडतात तशा. पुण्यात अशा गाड्या घरोघरी आहेत: मुलं परदेशी, आई-वडील महिन्यातून चार वेळा गाडी काढतात, गाडी "एकदम नव्यासारखी". तिचे टायर मात्र नवे नसतात. पाच वर्षं झाली की दर वर्षी टायर नीट तपासून घ्यावेत आणि दहाव्या वर्षी नक्षी कितीही असली तरी काढून टाकावेत, असं बहुतेक उत्पादक सांगतात. आपल्याकडचं ऊन बघता मी सहा-सात वर्षांच्या पुढे जाणार नाही.

नवा टायर घेताना तो सहा महिन्यांच्या आतला मागावा. वर्षभराचा, सावलीत नीट ठेवलेला टायर लगेच वाईट ठरत नाही, पण आयुष्यातलं एक वर्ष आपल्याला न मिळताच गेलं, एवढं धरून भाव करावा. दोन वर्षांपूर्वीचा असेल तर नको म्हणावं आणि दुसऱ्या दुकानात जावं.

"पण नक्षी आहे ना अजून?"

नक्षी लागते पाण्यासाठी. कोरड्या रस्त्यावर गुळगुळीत टायरही धरतो, शर्यतीच्या गाड्यांचे कोरड्या ट्रॅकवरचे टायर सपाटच असतात. प्रश्न पावसाचा आहे. रस्त्यावर फक्त तीन मिमी पाणी साचलंय आणि गाडी ८० च्या वेगात आहे असं धरा. १६५ मिमी रुंदीच्या एका टायरसमोर सेकंदाला ११ लिटर पाणी येतं, अर्धी बादली तरी झाली. ते बाजूला काढलं तरच रबर रस्त्याला टेकेल. काढायची वाट म्हणजे या खाचा.

ओढ्याचं पात्र अरुंद झालं की पाणी कुठे जातं, हे आपण पुणेकरांनी २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याकाठी पाहिलं. खाचा उथळ झाल्या की टायरखालीही तेच होतं. पाण्याला जायला जागा उरत नाही, टायर पाण्यावर चढतो आणि पोस्टकार्डाएवढी जागासुद्धा रस्त्याला लागत नाही. याला हायड्रोप्लेनिंग म्हणतात, म्हणजे गाडी पाण्यावर तरंगत जाणं. स्टेअरिंग एकाएकी हलकं लागतं. अशा वेळी ब्रेक दाबायचा नाही आणि स्टेअरिंग झटक्यात फिरवायचं नाही. ॲक्सिलरेटरवरून पाय काढून गाडी पुन्हा टेकू द्यायची.

नव्या टायरची नक्षी सात-आठ मिमी खोल असते. कायद्याने किमान १.६ मिमी लागते. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात, नक्षी त्यांच्या बरोबरीला आली की टायर कायद्यानेही संपला. २०२३ मध्ये परिवहन विभागाने समृद्धी महामार्गाच्या प्रवेशद्वारांवर टायर तपासून घासलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली. कुणाला ती कटकट वाटली असेल, मला ते योग्य वाटलं. १२० च्या मर्यादेच्या सिमेंटच्या रस्त्यावर तासन् तास पळणारा टायर तापतो, आणि तिथे फुटला तर सावरायला वेळ मिळत नाही.

पण १.६ ही शेवटची रेघ आहे, तिथवर थांबायचं नाही. पावसाळ्यात घाटात जाणार असाल तर तीन मिमीला टायर बदला. त्यामुळे बदलायची वेळ दिवाळी नव्हे, मे महिना. पूर्ण पावसाळा तुम्हाला खोल खाचांवर काढता येईल.

"आम्ही शहरातच चाळीसने चालवतो, आम्हाला काय करायचंय?" या वेगाला हायड्रोप्लेनिंग सहसा होत नाही, हे खरं. पण पहिल्या पावसात रस्त्यावरची धूळ आणि तेल मिळून जो बुळबुळीत थर होतो, त्यावर कर्वे रस्त्याच्या सिग्नलला समोर दुचाकी थांबलेली असताना दोन फूट उशिरा थांबणं म्हणजे काय, हे सांगायला नको.

आयुष्य, ॲव्हरेज आणि पकड यांची ओढाताण

टायर बनवणाऱ्यापुढे तीन मागण्या असतात. टायर खूप चालावा, गाडीने ॲव्हरेज चांगलं द्यावं आणि ओल्या रस्त्यावर पकड असावी. रबर कडक केलं की आयुष्य वाढतं आणि पकड घटते. मऊ केलं की उलटं. मळताना सिलिका नावाचं वाळूच्या कुळातलं पूड घातलं की ॲव्हरेज आणि ओली पकड दोन्ही सुधारतात, पण खर्च वाढतो. तिन्ही गोष्टी भरभरून देणारा स्वस्त टायर नसतो. "८० हजार जाणारच" असं कुणी सांगितलं तर त्याने बाकीच्या दोनांतलं काय सोडलंय, ते विचारा.

ॲव्हरेजचा संबंध रोलिंग रेझिस्टन्सशी आहे. टायर फिरताना सतत चेपतो आणि पूर्ववत होतो, त्यात थोडी ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. सायकलमध्ये हवा कमी असली की पायडल जड जातं, तेच हे. फ्रिजवर असतात तसे ऊर्जा दक्षता ब्युरोचे तारे आता टायरलाही मिळतात, पण ते याच गुणासाठी. तारे इंधन बचतीचे आहेत, पावसात गाडी किती लवकर थांबेल ते त्यांवरून कळत नाही. हा फरक दुकानात फारसा कुणी सांगत नाही.

ओल्या पकडीसाठी २०२२ पासून सरकारने किमान मर्यादा आणली आहे. एआयएस-१४२ हे ते मानक, आणि ते प्रसिद्ध करणारी एआरएआय ही वाहनांच्या चाचण्या करणारी संस्था आपल्याच वेताळ टेकडीवर आहे. ओली पकड, रोलिंग रेझिस्टन्स आणि आवाज, तिन्हींच्या मर्यादा त्यात आहेत. अर्थात ती पास होण्याची रेघ झाली, पहिला नंबर कोणाचा ते त्यातून समजत नाही. काही टायरवर ट्रेडवेअर (झीज), ट्रॅक्शन (पकड), टेंपरेचर (उष्णता) अशी अमेरिकन प्रतवारी कोरलेली असते. त्यातलं ट्रॅक्शनचं अक्षर ओल्या रस्त्यावर सरळ ब्रेक लावून मोजलेलं असतं. एए सगळ्यात वर, मग ए, बी, सी. ट्रेडवेअरचा आकडा कंपनीने स्वतःच चाचणी करून दिलेला असतो, म्हणून तो एकाच कंपनीच्या दोन टायरांत तुलना करायलाच वापरा.

पुण्यात राहून कोकणात आणि घाटात जाणाऱ्या माणसाने आयुष्याचे दहा हजार किलोमीटर कमी पत्करावेत आणि पकड घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. वर्षाला आठ-दहा हजार किलोमीटर फिरणाऱ्या घरगुती गाडीला तर ८० हजारांचा टायर घेऊन उपयोगच नाही. तो घासायच्या आधी म्हातारा होईल.

"रुंद टायर टाकले तर पकड वाढेल ना?"

थोडी वाढेल, कोरड्यावर. १६५/८० आर १४ च्या जागी त्याच रिमवर १८५/७० आर १४ बसवणारे बरेच जण आहेत. व्यासात फक्त पाच मिमीचा फरक पडतो, त्यामुळे हिशेबात बसतं. पण मूळ रिम १८५ ला पुरेशी रुंद आहे का, हे आधी पडताळायला हवं. शिवाय रुंद टायरला समोरचं जास्त पाणी ढकलावं लागतं, म्हणून पाण्यावर तरंगायचा धोका वाढतो. ॲव्हरेज किंचित पडतं, स्टेअरिंग थोडं जड होतं.

मोठी अलॉय रिम आणि बुटका टायर हा प्रकार मात्र पुण्याच्या रस्त्यांना नकोच. टायरची भिंत म्हणजे गादी. गादी पातळ झाली की फरशी लागते. खड्ड्याच्या कडेवर बुटका टायर रिम आणि डांबर यांच्यात चिमटला जातो, आतले धागे तुटतात आणि भिंतीला फुगा येतो. असा फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, तो ताबडतोब काढावा लागतो. रिम वाकते ते वेगळंच. कंपनीने तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला जो साइज दिलाय, त्याच्या पलीकडे जाऊ नका. गाडीचं मूळ रूप बदलल्याचा मुद्दा अपघातानंतर विम्याच्या वेळी पुढे येऊ शकतो.

दोनच बदलायचे असतील तर नवे कुठे लावायचे?

यावर दुकानात हमखास वाद होतो. हॅचबॅकचं इंजिन पुढची चाकं फिरवतं, स्टेअरिंग पुढे, ब्रेकचा बराचसा भार पुढे, म्हणून पुढचे टायर आधी घासतात. साहजिकच वाटतं की नवी जोडी पुढे लावावी. पण नवी जोडी मागे लावा आणि मागचे बरे टायर पुढे आणा.

कारण असं. पावसात पुढचे टायर सुटले तर गाडी वळायच्या ऐवजी सरळ जाते. स्टेअरिंग हलकं पडल्याचं हाताला कळतं, पाय उचलला की वेग उतरतो आणि पकड परत येते. मागचे सुटले तर शेपटी बाहेर येते आणि गाडी गर्रकन फिरते. हाताला कसलीच सूचना मिळत नाही. ती सावरायला सराव लागतो, तो आपल्यापैकी जवळजवळ कुणालाच नसतो. पतंगाची शेपटी आठवा: ती असते तोवर पतंग स्थिर, तुटली की गिरक्या. गाडीची दिशा स्थिर ठेवायचं काम मागची चाकं करतात.

दुकानदार कुरकुरला तरी आग्रह धरा. एकाच धुरीवर एक नवा आणि एक जुना, किंवा दोन वेगवेगळ्या नक्षींचे टायर कधीच लावू नका. दर आठ-दहा हजार किलोमीटरला पुढचे मागे केलेत तर चारही एकदमच संपतील आणि हा प्रश्नच येणार नाही.

कुठली कंपनी?

सगळे हाच प्रश्न आधी विचारतात, म्हणून मी तो मुद्दाम मागे ठेवलाय. एमआरएफ, अपोलो, सिएट, जेके, ब्रिजस्टोन, गुडइयर, मिशेलिन, योकोहामा या सगळ्यांचे हॅचबॅकचे टायर बाजारात मिळतात. ब्रिजस्टोनचा कारखाना चाकणला, गुडइयरचा वाळूजला, सिएटचा नाशिकला, म्हणजे टायर बनण्याचं काम आपल्या आसपासच चालतं. पण कंपनीचं नाव फार थोडं सांगतं. प्रत्येक कंपनीचा एक टायर जास्त चालणारा असतो, एक शांत आणि मऊ, एक पकडीचा. "अमुक कंपनीचा टाका" म्हणजे "अमुक डेअरीचं द्या" म्हणण्यासारखं. दूध, दही का लोणी, ते सांगायचं राहिलं. मॉडेलचं नाव विचारा आणि ते कशासाठी बनवलंय ते विचारा.

सेकंडहँड टायर घेऊ नका. वरून पॉलिश मारून काळे केलेले असतात. आत कुठे मार बसलाय, हवा कमी असताना किती किलोमीटर पळवलाय, हे बाहेरून कुणालाच दिसत नाही.

जुने उतरवण्याआधी त्यांच्याकडे नीट बघा

जुना टायर गाडीचं दुखणं दाखवतो. मधला पट्टा जास्त घासला असेल तर हवा सतत जास्त होती. दोन्ही कडा घासल्या असतील तर हवा कमी. एकच कड घासली असेल तर अलाइनमेंट बिघडलंय. जागोजागी खड्डे-उंचवटे आले असतील तर बहुधा शॉकॲब्सॉर्बर थकलेत. हे न सुधारता नवे टायर घातले तर तेही तसेच जातील.

बसवताना रबरी वॉल्व्ह नवे घ्या, फार पैसे लागत नाहीत आणि जुना वॉल्व्ह तडकला की नवा टायर रस्त्यात बसतो. टायरवर पिवळा ठिपका असेल तर ती त्याची सर्वांत हलकी जागा, ती वॉल्व्हसमोर आणली की बॅलन्सिंगला कमी वजनं लागतात. टायरच्या भिंतीवर बाण असेल तर तो पुढे फिरण्याची दिशा दाखवतो. "आउटसाइड" कोरलं असेल तर ती बाजू बाहेरच आली पाहिजे. लिफ्टवरून गाडी उतरायच्या आधी चारही चाकं एकदा बघून घ्या. वॉरंटी कार्डावर टायरचे नंबर लिहून घ्या. पहिले दोन-तीनशे किलोमीटर दमाने चालवा, कारण साच्यातून सुटण्यासाठी लावलेला निसरडा लेप वरून जायला तेवढं अंतर लागतं.

हवा भरताना टायरवर कोरलेला आकडा वापरू नका. ती त्या टायरची कमाल मर्यादा असते. तुमच्या गाडीचा आकडा दारावरच्या स्टिकरवर आहे आणि तो गार टायरचा आहे, म्हणून सकाळी घराजवळच्या पंपावर भरा. उन्हात चालवून गेलात की आकडा आपोआप दोन-चारने चढलेला दिसतो. मग पंपावरचा मुलगा हवा काढतो आणि सकाळी टायर कमी भरलेला असतो. नायट्रोजनने नुकसान काहीच नाही, तो जरा सावकाश झिरपतो. पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. त्याच्या मागे लागण्यापेक्षा पंधरा दिवसांनी दाब तपासलेला बरा.

आणि स्टेपनी. चार नवे घालताना डिकीतला पाचवा राहून जातो. त्याचीही तारीख वाचा, हवा भरा. बऱ्याच गाड्यांत आता बारीक, तात्पुरती स्टेपनी येते आणि तिच्यावर वेगाची मर्यादा लिहिलेली असते. ती लावून महाबळेश्वर गाठायचं नाही, जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंतच जायचं.

बाबांच्या गाडीला मी मूळ साइजचेच चार टायर घातले, पकडीचं मॉडेल, तीन महिन्यांपूर्वीचे. जुने दुकानातच सोडले. घरी आणून गच्चीवर ठेवू नका. पहिल्या पावसात त्यांत पाणी साचतं आणि डेंग्यूच्या डासांना अंडी घालायला त्याहून सोयीची जागा सापडत नाही.